मैफल, घाट आणि समवाय

मुलाला शाळेत न घालता त्याच्या शिक्षणाची सगळी जबाबदारी कुटुंबाने स्वतःकडे घेणे, याला गृहशिक्षण म्हणतात. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यात या मार्गाचा स्पष्ट उल्लेख नाही आणि परीक्षेसाठी अशा कुटुंबांना बहुधा राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेकडे वळावे लागते. त्यामुळे मूल नेमके काय शिकले हे दाखवून देण्याची चिंता पालकांच्या मनात कायम असते. सहकुटुंब ऐकलेल्या मैफलीचेही विषयवार तुकडे पाडण्याची ओढ या चिंतेतून येते. वाद्यांची नावे पाठ झाली की संगीत झाले, तिकिटांचा हिशेब झाला की गणित झाले, प्रवासाचा नकाशा काढला की भूगोल झाला, असे मानले जाते. परंतु तिकिटांचा हिशेब सर्कशीच्या तिकिटांवरही करता येतो आणि त्यासाठी गाणे ऐकण्याची गरज पडत नाही. म्हणून मैफलीतून कोणता विषय शिकवावा हे ठरवताना एकच कसोटी लावणे योग्य ठरेल : जो प्रश्न ऐकल्याशिवाय पडलाच नसता, तोच त्या मैफलीचा धडा.

ही कसोटी नवी नाही. १९३७ च्या वर्धा शिक्षण परिषदेतून पुढे आलेल्या नई तालीमने उद्योग, निसर्ग आणि समाज या तीन आधारांवर सर्व विषय शिकवण्याची पद्धत मांडली आणि त्या पद्धतीला समवाय असे नाव रूढ झाले. हा शब्द मुळात न्याय-वैशेषिक दर्शनांचा आहे. दोन स्वतंत्र वस्तू एकमेकींना लागून असणे हा संयोग. तो कधीही तुटू शकतो. धागे आणि वस्त्र यांच्यातला, वेगळा काढता न येणारा संबंध म्हणजे समवाय. टकळीवर सूत कातणाऱ्या मुलाला सुताची लांबी मोजावीच लागते, म्हणून तिथे गणित समवायाने येते. तिकिटांचे गणित मैफलीशी केवळ संयोगाने जोडलेले असते.

समवाय प्रत्यक्षात कसा घडतो, हे उज्जैनच्या रामघाटावर चांगले पाहता येते. या नगरात १९५८ पासून कार्तिकातल्या देवप्रबोधिनी एकादशीला कालिदास समारोह सुरू होतो. समारोहातल्या गायनासाठी आलेल्या कुटुंबाने संध्याकाळी आधी क्षिप्रेच्या पायऱ्यांवर बसावे आणि आरती ऐकावी. दूरवर झांजा एकमेकींवर आपटताना मुलाला दिसतात, पण आवाज किंचित उशिरा येतो. ध्वनी हवेतून सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो, म्हणजे ८५ मीटर अंतर कापायला त्याला पाव सेकंद लागतो. मिनिटाला १२० मात्रांच्या लयीत हा पाव सेकंद अर्ध्या मात्रेएवढा भरतो. पाण्यालगतची हवा वरच्या हवेपेक्षा थंड झालेली असेल, तर वर जाणारा ध्वनी वाकून पुन्हा पाण्याकडे येतो आणि समोरच्या दत्त आखाड्याच्या काठावरचे बोल दुपारपेक्षा स्पष्ट ऐकू येतात. इथे भौतिकशास्त्र कानातून आलेले असते. पुस्तक नंतर उघडले तरी चालते.

त्यानंतरच्या मैफलीत तबला आरतीच्या नगाऱ्यासारखा का वाजत नाही, हा प्रश्न मुलाला सहज पडू शकतो. साध्या ताणलेल्या चामड्यातून निघणाऱ्या उपस्वरांचे मूळ स्वराशी पूर्णांकांचे नाते नसते, त्यामुळे त्यातून ठाम असा स्वर उमटत नाही. तबल्याच्या पुडीवर थर देऊन घोटलेली शाई मध्यभागाचे वजन वाढवते आणि ते उपस्वर जवळजवळ पूर्णांकी प्रमाणात आणते. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२० मध्ये या गुणधर्माकडे जगाच्या विज्ञानाचे लक्ष वेधले. कारागिराच्या बोटांना जे आधीपासून ठाऊक होते त्याची उपपत्ती शास्त्राने नंतर लावली, हे समजणे विज्ञानाच्या इतिहासाचा एक संपूर्ण पाठ ठरते.

तालाचे आवर्तन, म्हणजे ठरावीक मात्रांनी पुन्हा समेवर येणारे चक्र, मुलाला याहून दूर नेते. दहा मात्रांचा झपताल आणि सोळा मात्रांचा त्रिताल एकाच क्षणी सुरू केले, तर त्यांच्या समा ८० मात्रांनी पुन्हा एकत्र येतात. लघुतम साधारण विभाज्याची ही कल्पना हातावर टाळी देऊन समजलेल्या मुलाला रामघाटावरच्या सिंहस्थाचा काळही उमगतो. सूर्य मेष राशीत आणि गुरू सिंह राशीत असताना हा मेळा भरतो. गुरूची सूर्याभोवतीची एक फेरी सुमारे ११.८६ वर्षांची असल्यामुळे तो साधारणपणे बारा वर्षांनी येतो, आणि सात फेऱ्यांना ८४ ऐवजी सुमारे ८३ वर्षेच लागत असल्यामुळे क्वचित हे अंतर अकरा वर्षांवर येते. घाटावरचा हा मेळा म्हणजे दोन आवर्तनांची सम होय.

भाषेचा धागाही इथे ध्वनीतूनच निघतो. ‘मेघदूता’त यक्ष मेघाला सांगतो की महाकालाच्या मंदिराशी सूर्यास्तापर्यंत थांब, म्हणजे तुझी गर्जना सायंपूजेचा नगारा होईल. आरतीचा नगारा नुकताच ऐकलेल्या मुलाने हा प्रसंग कुसुमाग्रजांच्या किंवा शांता शेळके यांच्या मराठी अनुवादातून वाचला, तर त्यातली उपमा समजावून सांगण्याचे कारण उरत नाही. इतिहासाचा मागही जवळच सापडतो. त्या महाकाल मंदिराचा अठराव्या शतकातला जीर्णोद्धार राणोजी शिंदे यांचे दिवाण रामचंद्रबाबा सुखटणकर यांनी केला, आणि माळव्यात मराठी घरे व मराठी श्रोते कसे आले याचे उत्तर त्याच काळात आहे.

ऐकण्यातून ज्ञान कसे उभे राहते याचा सर्वांत मोठा दाखला उज्जैनहून चाळीसेक किलोमीटरवरच्या देवासला आहे. क्षयाने ग्रासलेले कुमार गंधर्व १९४८ मध्ये हवापालटासाठी तिथे आले आणि पुढची काही वर्षे त्यांना गाणे वर्ज्य झाले. त्या सक्तीच्या मौनात त्यांनी माळव्याची लोकगीते ऐकली, लोकधुनांत रागाचे बीज कसे असते याचा शोध घेतला, धुनउगम राग सिद्ध केले आणि पुढे ‘गीतवर्षा’सारख्या मैफलींत एकेक ऋतू स्वरांतून उभा केला. त्या कार्यक्रमात पाऊस, शेत, बोली आणि राग वेगळे काढता येत नाहीत; समवायाचे याहून शुद्ध रूप मिळणे कठीण आहे.

यावर एक गंभीर आक्षेप असा की, शिकवण्याच्या हव्यासाने रसभंग होतो, म्हणजे कलेच्या आस्वादात मनाची जी तल्लीनता असते ती मोडते. हा आक्षेप खरा आहे आणि म्हणूनच ऐकणे आधी व प्रश्न नंतर हा क्रम कधीही उलटता कामा नये. गाणे चालू असताना मुलाच्या हातात वही असू नये. काही मैफली एकही प्रश्न न देता संपतील; त्या वाया गेल्या असे समजू नये, कारण स्वर कानात मुरणे हेही शिक्षणच आहे. दुसरा आक्षेप अभ्यासक्रमाच्या व्याप्तीचा आहे. सगळे गणित तालातून येणार नाही आणि सगळे विज्ञान तबल्यातून येणार नाही. जे येत नाही ते पालकांनी सरळ पुस्तकातून शिकवावे, ओढूनताणून मैफलीला बांधू नये. ओढून आणलेला समवाय हा संयोगच असतो आणि मुलांना तो लगेच ओळखू येतो.

म्हणून गृहशिक्षण करणाऱ्या पालकांना एकच विनंती करावीशी वाटते. मैफलीहून परतताना पहिला प्रश्न त्यांनी विचारू नये. तो मुलाकडून येईपर्यंत थांबावे, मग त्याला चार दिवस लागले तरी चालतील.