चौघे नसतील तर



कफर्णहूमात चौघांनी पक्षाघाती माणसाला खाटेसकट छपरातून खाली सोडले, हा प्रसंग आपल्या आवडीचा. आपण त्या चौघांचे कौतुक करतो आणि ते रास्तच आहे. पण त्या माणसाला चौघे होते. बेथेस्दा तळ्याकाठी ३८ वर्षे आजारी असलेल्याला पाण्यात सोडायला एकही जण नव्हता. आपल्या नागपुरात स्टेशनजवळ किंवा मेडिकलच्या फाटकाबाहेर उघड्यावर झोपणारा अपंग माणूस या दुसऱ्यासारखा.

शहरात महापालिकेची निवारा केंद्रे आहेत. केंद्राच्या २०१३ च्या योजनेने लाख लोकसंख्येमागे किमान १०० बेघरांची सोय सांगितली. २०११ च्या जनगणनेत नागपूर सुमारे २४ लाखांचे होते, म्हणजे २,४०० जणांची सोय हवी. पण हिशेबात आपण खाटा मोजतो. दाराशी तीन पायऱ्या असल्या तर तीनचाकी सायकलवरच्या माणसासाठी आत एकही खाट नाही. कोणी उचलून आत नेले, तरी रात्री संडासापर्यंत जायचे कसे? धरायला दांडी नाही. सायकल बाहेर ठेवली तर सकाळी सापडेल का? तिच्यावरच त्याचे पोट. मग तो फूटपाथवर परततो आणि आपण म्हणतो, "या लोकांना तिथेच आवडते."

दिव्यांग हक्कांच्या २०१६ च्या कायद्याने ही दयेची बाब ठेवली नाही. जुन्या सार्वजनिक इमारतींत अपंगांना वावरता येईल असे बदल करायला पाच वर्षे दिली होती. ती मुदत २०२२ मध्ये सरली.

उचलून नेणे वाईट का? मुळीच नाही. पण उचलणारा आला नाही, की माणूस बाहेर राहतो. हे आपल्याच दारी घडले. दर रविवारी आपले तरुण एका वडीलधाऱ्यांची व्हीलचेअर पायऱ्यांवरून चढवतात. पाहून आपल्याला बरे वाटते. त्यांना काय वाटते, हे आपण कधी विचारले नाही. गेल्या पावसाळ्यात मुले उशिरा आली आणि ते अर्धी मिस्सा खाली छत्रीत बसून होते. महापालिकेला बोल लावायला निघालेले आम्ही त्या दिवशी गप्प झालो.

नंतर आम्ही पायऱ्या मोजल्या. उंची दीड फूट. एक फूट चढायला बारा फूट लांबीचा उतार लागतो, म्हणजे अठरा फूट. आपण स्कूटर लावतो ती जागा सोडली, तर तो तिथे बसतो.