खोटी चिठ्ठी

शास्त्रपाठ : लूक १२:६, १५:३-७



भोपाळहून मुंबईला जाताना आपली गाडी खंडवा व बऱ्हाणपूर ओलांडते. त्या जिल्ह्यांतील सागवानी रानांत वनपिंगळा नावाचे लहानसे घुबड राहते. १८८४ नंतर त्याचा खरा पुरावा कोणाच्या हाती आला नव्हता. ते नामशेष झाले, असेच पुष्कळांनी मानले.

मध्यंतरी एक नोंद मात्र होती. रिचर्ड माइनर्ट्झहागेन या इंग्रज अधिकाऱ्याने १९१४ साली गुजरातेत, तापीकाठी मांडवी येथे हा पक्षी मिळवल्याचे सांगितले होते. शोधणारे तिच्यावर विसंबले आणि रिकाम्या हाती परतले. पुढे पामेला रासमुसेन या पक्षिशास्त्रज्ञ बाईंनी संग्रहालयातील तो पक्षी तपासला. तो चोरलेला होता! जेम्स डेव्हिडसन यांनी पूर्वी जमवलेल्या पक्ष्याला नवी, खोटी चिठ्ठी बांधलेली होती. ती नोंद बाजूला सारून त्या सोबत्यांसह जुन्या, खऱ्या ठिकाणी गेल्या. नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळ, दिवसाउजेडी, वनपिंगळा दिसला. ११३ वर्षे तो हरवला नव्हताच. चुकीच्या जागी शोध चालला होता.

प्रियजनहो, हे वाचून मला माझीच लाज वाटली. एका मंडळीत सेवा करीत असताना, उपासनेस न येणाऱ्या एका वृद्ध बंधूंच्या नावापुढे मी "गाव सोडून गेले" असा शेरा लिहिला. कोणीतरी सांगितले, एवढाच आधार. त्यानंतर त्यांच्या दारी कोणी गेले नाही. चार वर्षांनी ते मला दवाखान्यात भेटले. गुडघे निकामी झालेले, घर तेच. म्हणाले, "पाळकसाहेब, दर रविवारी घंटा ऐकू येत होती." माझी चिठ्ठीही खोटीच होती.

बाजारात कवडीमोल ठरलेली चिमणीसुद्धा देवाच्या आठवणीतून निसटत नाही, असे प्रभूने शिकवले. त्याच्या दाखल्यातील मेंढपाळ वहीत शेरा मारून थांबत नाही. तो निघतो, आणि सापडेपर्यंत शोधतो. सापडल्यावरही काम संपत नाही. तो मेंढरू खांद्यावर घेतो. वनपिंगळा सापडला, तरी रान तुटत असल्याने आजही धोक्यात आहे.

या आठवड्यात आपल्या मंडळीची वही उघडा. ज्या नावापुढे शेरा आहे, त्या दारी स्वतः जा. कदाचित आतून कोणी घंटा ऐकत असेल.

प्रभू आपल्याला शोधणारे पाय देवो. आमेन.