दारावरचे परग्रहवासी

अकरा चौकोन रुंद, आठ चौकोन उंच. एकूण ८८, त्यांतले ४६ भरलेले, ४२ रिकामे. एवढ्या ऐवजात एक प्राणी उभा राहतो. त्याला दोन शिंगे असतात, दोन डोळे, पसरलेले हात आणि जरा फेंगडे पाय. जपानच्या तैतो कंपनीत तोमोहिरो निशिकादो यांनी १९७८ साली ‘स्पेस इन्व्हेडर्स’ हा व्हिडिओ गेम तयार केला, त्यातला हा खेकड्यासारखा परग्रहवासी. क्रोशाकाम येणाऱ्या बाईला हे आकडे सांगितले, तर खेळ कोणता हे ती विचारेलच असे नाही. दोरा कोणत्या नंबरचा घेऊ, हे मात्र नक्की विचारेल.

कारण हे गणित तिच्या हातात आधीपासून आहे. क्रोशाच्या जाळीत एक खांब, दोन साखळ्या, पुन्हा खांब असा पोकळ चौकोन होतो. साखळ्यांच्या जागी दोन खांब घातले की तोच भरीव. फुलदाणी, हंस, ‘सुस्वागतम्’ हे सगळे याच भरीव-पोकळाच्या हिशेबावर विणले गेले. युरोपात सोळाव्या शतकातच जाळीकामाचे नमुने चौकड्यांवर छापले जात. फेदेरिको विंचोलोचे १५८७ सालचे पुस्तक त्यातले प्रसिद्ध. संगणकाच्या पडद्यावर ज्याला पिक्सेल म्हणतात, तो तेव्हा कागदावर आणि दोऱ्यात होताच. टीव्हीवर क्रोशाचा रुमाल घालायची पद्धत मराठी घरांत होती. त्या टीव्हीला नव्वदच्या दशकात मुलांनी स्वस्तातले गेमचे संच जोडले, तेव्हा रुमालावरची आणि पडद्यावरची चित्रे एकाच पद्धतीने बनलेली आहेत हे फारसे कोणाच्या ध्यानात आले नसावे.

मात्र चित्र चौकोनांचे आहे म्हणून ते जसेच्या तसे दोऱ्यात उतरते, असे मुळीच नाही. पिक्सेल चौरस असतो. टाका चौरस असेलच असे नाही. हात सैल असेल तर खांब लांबतो आणि परग्रहवासी उंचाडा होतो. मुक्या, म्हणजे आखूड, खांबांनी घट्ट विणावे तर टाका बहुधा उंचीपेक्षा रुंद निघतो आणि तोच प्राणी बसका होतो. इंग्रजी नमुना समोर असेल तर आणखी एक सापळा. ‘डबल क्रोशे’ म्हणजे अमेरिकेत आपला खांब, ब्रिटनमध्ये मुका खांब. मराठीत ही भानगड नाही. मुका तो मुका.

हिशेब पेठच्या एखाद्या घराचा करून पाहावा. पेठ तालुका नाशिक जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला, गुजरातच्या सीमेला लागून. पावसाळ्यात इथे पाऊस मुक्कामाला येतो, दिवसचे दिवस घरात काढावे लागतात आणि वीज गेली की गेम बंद पडतो. क्रोशाला खिडकीतला उजेड पुरतो. दार तीन फुटी आहे, त्यावर अकरा परग्रहवाशांचे तोरण हवे. प्रत्येकाचे अकरा चौकोन, दोघांमध्ये एक मोकळा. म्हणजे १२१ अधिक १०, एकूण १३१. चौकोन सात मिलिमीटरचा बसला तर लांबी होते साधारण ९२ सेंटिमीटर, म्हणजे जवळपास तीन फूट. पण त्यासाठी पहिल्याच ओळीला ३९४ टाक्यांचा पाया घालावा लागतो, आणि तो मोजताना दारात कोणी हाक मारली की पुन्हा एकपासून.

मुरलेला हात म्हणून तोरण आडवे विणतच नाही. उंचीचे आठ चौकोन, वर-खाली एकेक मोकळा असे दहा चौकोन धरून ३१ टाक्यांचा पाया घालायचा आणि दाराची रुंदी येईपर्यंत विणत जायचे. यात परग्रहवासी कुशीवर झोपलेला विणला जातो. आणि मघाचा दोष उलटा होतो. खांब लांब पडत असतील, तर उंचाडा होणारा खेकडा आता अंगाने सुटतो. मग दोरा बदला, सुई एक नंबर बारीक घ्या किंवा नमुन्यातल्या ओळीच कमी करा. पेठहून नाशिकची बाजारपेठ पन्नासेक किलोमीटर, मध्ये सावळ घाट. तेव्हा दोरा एकदाच पुरेसा आणलेला बरा. दुसऱ्या खेपेचा पांढरा पहिल्या पांढऱ्याशी जुळेलच, याची हमी दुकानदारही देत नाही.

नमुना बघून विणणे ही नक्कल, त्यात कला कसली, असा एक शेरा या कामावर नेहमी मारला जातो. तो मारणाऱ्याने कधी नमुना बदललेला नसतो. दुसऱ्याचा आराखडा आपल्या दोऱ्यात, आपल्या दारावर बसवताना काय सोडायचे हे ठरवावे लागते, आणि ओळख टिकवून सोडणे सोपे नसते. मारिओचेच पाहा. शिगेरू मियामोतो यांनी १९८१ च्या ‘डाँकी काँग’ या व्हिडिओ गेमसाठी त्याला घडवले, तेव्हा ठिपके मोजकेच होते. केस दाखवणे अवघड म्हणून डोक्यावर टोपी आली. तोंड काढायला जागा नव्हती म्हणून मोठे नाक आणि त्याखाली मिशी आली. हात हलताना दिसावेत म्हणून खांद्यावर पट्टे असलेला वेगळ्या रंगाचा पोशाख आला. जगभर ओळखीचा असलेला चेहरा काटकसरीतून झाला, आणि ही काटकसर विणणारीला नवी नाही.

नाशिक जिल्ह्याच्या दुसऱ्या, पूर्वेच्या टोकाला येवल्यात पैठणी विणतात. पदरावरचा मोर किंवा मुनिया आधी आलेखाच्या कागदावर चौकडी-चौकडीने मांडतात. विणताना प्रत्येक रंगाची वेगळी कांडी असते आणि दोन रंग जिथे भेटतात तिथे धागे एकमेकांत अडकवले जातात. रंगीत क्रोशाची अडचण हीच. नवा रंग नव्या टाक्याला जोडून चालत नाही. आधीच्या टाक्यात सुईवर दोन फास उरले असतानाच तो ओढून घ्यावा लागतो, नाहीतर मारिओच्या टोपीचा लाल कपाळावर ओघळतो.

पेठच्या बाजूच्या वारली चित्रांतले माणूस म्हणजे टोकाला टोक लावलेले दोन त्रिकोण. जाळीत तिरकी रेघ नसते, पायऱ्या असतात. पाच, तीन, एक, तीन, पाच असे चौकोन भरले की धड तयार. त्याच चित्रांतला तारपा नाचाचा फेर असा पायऱ्यापायऱ्यांनी विणला, तर तो जुन्या व्हिडिओ गेममधून उचलल्यासारखा दिसेल.

अर्थात आजच्या मुलांचे खेळ चौकटीत मावत नाहीत. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने २०२० साली आणलेल्या ‘राजी’त पहाडी लघुचित्रांची छटा आहे, पडद्यावर मोजता येईल असा चौकोन एकही नाही. अशा वेळी चित्र सोडून वस्तू पकडावी. पब्जीतला तवा! गोळ्या अडवणारा तो तवा खेळणाऱ्या पोरांना न सांगता ओळखू येतो, आणि क्रोशाचा गोल रुमाल ज्यांना येतो त्यांना तो अर्धा विणून झालेलाच आहे. मुक्या खांबांनी सहा टाक्यांवर सुरुवात, दर फेरीला सहा वाढवायचे, शेवटी दांडा. वाढ विसरली की कडा वर वळतात आणि तव्याची कढई होते. जास्त वाढवली की झालर पडते. ती मात्र अगदीच वाया जात नाही. कॉर्नेल विद्यापीठात डायना टाइमिना यांनी १९९७ साली मुद्दाम अशी झालर विणून हायपरबोलिक भूमितीचे हातात धरता येईल असे प्रतिरूप दाखवले. काळ्या जाड सुती दोऱ्याचा हा तवा गरम भांडे धरायला कामी येतो. लोकरीत प्लॅस्टिकचा धागा असेल तर ती वापरू नये, वितळते.

‘टेट्रिस’ची चादर विणायला निघालेल्यांची फजिती आणखी मजेची. अलेक्सेई पाजितनोव यांनी १९८४ साली मॉस्कोत केलेल्या या खेळात चार-चार चौकोनांचे सात आकार. चौकोन होतात २८. वाटते, सातही तुकडे एकेकदा घेऊन चार बाय सातची चादर सहज जमेल. कितीही फिरवा, जमत नाही. चौकोन बुद्धिबळाच्या पटासारखे दोन रंगांत विणले की कारण दिसते. सहा आकारांत दोन्ही रंग दोन-दोन येतात, टी-आकारात मात्र तीन आणि एक. पटाला हवेत चौदा-चौदा, हाती येतात पंधरा-तेरा. जादा टी विणला की तिढा सुटायची वाट मिळते.

परत तोरणाकडे. निशिकादो यांच्या खेळात शत्रू जसे कमी होत, तसे उरलेले भरभर येत. प्रोसेसरवरचा भार हलका होई म्हणून, आणि निशिकादोंनी ते तसेच राहू दिले. तोरणातही पहिला खेकडा चौकोन मोजत, उसवत, कसाबसा होतो. पाचव्या-सहाव्यापर्यंत कागदाकडे पाहावे लागत नाही, अकरावा बोलता बोलता होतो. तेवढ्यात शेजारीण आपल्या दाराचे माप सांगते, साडेतीन फूट. त्याच दोऱ्यात बारा बसवले तर साडेसहा सेंटिमीटर कमी पडतात, तेरा बसवले तर दोन सेंटिमीटर जास्त होतात. मग आलेखाचा कागद पुन्हा उघडतो.