शर्यत एकट्याची, तयारी सगळ्यांची



कोल्हापूरला खेळाचे वेड नवे नाही. कुस्ती आणि फुटबॉल तर या गावाच्या रक्तातच आहेत. गेल्या काही वर्षांत त्यात आणखी एका खेळाची भर पडली आहे. पहाटे रंकाळ्यावर गेलो तर फिरायला आलेल्या ज्येष्ठांमधून वाट काढत धावणारी मंडळी दिसतात. पन्हाळ्याच्या आणि जोतिबाच्या चढावर हेल्मेट घातलेले सायकलस्वार दिसतात. त्यांत कॉलेजची मुले असतात, तसेच चाळिशी-पन्नाशीतले डॉक्टर, व्यापारी, नोकरदारही असतात. त्यांच्यापैकी अनेकजण ट्रायथलॉनची तयारी करत असतात.

ट्रायथलॉन म्हणजे पोहणे, सायकल चालवणे आणि धावणे, तिन्ही एकापाठोपाठ एक. लांब पल्ल्याच्या ‘आयर्नमॅन’ स्पर्धेत ३.८ किलोमीटर पोहायचे, १८० किलोमीटर सायकल चालवायची आणि त्यानंतर ४२.२ किलोमीटर धावायचे. हे सारे साधारण १७ तासांच्या आत. याच्या निम्म्या अंतराची स्पर्धा ऑक्टोबर २०१९ मध्ये गोव्यात पहिल्यांदा झाली आणि परदेशी जाऊन करायची ही गोष्ट आपल्या शेजारी आली.

या स्पर्धेचा एक नियम आपल्याला विचार करायला लावणारा आहे. शर्यत सुरू झाली की बाहेरच्या माणसाची मदत घ्यायची नाही. वाटेत आयोजकांनी ठेवलेले पाणी आणि खाणे घेता येते, पण मित्राने शेजारून पळत साथ देणे किंवा सामान पुरवणे चालत नाही. सायकलवर पुढच्या स्पर्धकाच्या अगदी मागे राहून वाऱ्यापासून आडोसा घेणेही नियमाबाहेर आहे. साधारण १२ मीटरचे अंतर राखावे लागते. आपला वारा आपणच कापायचा.

नियम कडक आहे आणि योग्यही आहे. पण तो वाचून आपला सहज असा समज होतो की शेवटची रेषा ओलांडणारा माणूस एकट्याच्या बळावर तिथे पोहोचला. हे खरे आहे का?

तयारीचे चार-सहा महिने डोळ्यांपुढे आणू या. तलावात किंवा समुद्रात एकट्याने उतरणे धोक्याचे, म्हणून सोबतीला कोणीतरी लागतो. ज्याला पोहता येत नव्हते त्याला पाण्यावर पाठ टेकायला कोणीतरी शिकवलेले असते. अंधारात हायवेवर सायकल काढायची तर दोघे-चौघे बरोबर असलेले बरे. ज्या आडोशाला शर्यतीच्या दिवशी बंदी असते, तोच आडोसा सरावात मित्र आळीपाळीने एकमेकांना देतात. आणि पाऊस पडत असताना पहाटे साडेचारला अंथरूण सुटते ते मनाच्या निर्धाराने कमी आणि कोपऱ्यावर कोणीतरी वाट पाहत उभा आहे या जाणिवेने जास्त.

आपल्या तालमींना हे फार पूर्वीपासून ठाऊक आहे. खासबागेच्या मैदानात पैलवान एकटाच लढतो. पण तालमीतल्या तांबड्या मातीत जोडीचा पैलवान नसेल तर त्याची कुस्ती तयारच होत नाही. रोज आपल्या अंगावर डाव करू देणारा तो जोडीदार फडाच्या दिवशी बाहेर बसलेला असतो.

खाशाबा जाधवांची गोष्ट आपण सर्वांनी ऐकलेली आहे. १९५२ साली हेलसिंकीच्या ऑलिंपिकमध्ये त्यांनी कुस्तीत कांस्यपदक जिंकले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक पदक. परंतु हेलसिंकीला जायला पैसे नव्हते. गावकऱ्यांनी वर्गणी काढली. राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी तर स्वतःचे घर गहाण ठेवून ७,००० रुपये उभे केले. खाशाबांनी परत आल्यावर कोल्हापुरात कुस्त्यांचे फड लावले आणि त्या पैशांतून गुरुजींचे घर सोडवण्यास मदत केली. पदक मिळाले म्हणजे सारे फिटले, असे त्यांनी मानले नाही. रुपयांचे कर्ज असे फेडता येते. पण पदक मिळण्याच्या आधीच, मिळेल की नाही हे माहीत नसताना, ज्याने विश्वास टाकला त्याचे देणे कसे फेडणार?

इथे आपण जरा थांबून स्वतःला एक अवघड प्रश्न विचारायला हवा. मदत करणाऱ्यांत दोन प्रकारची माणसे असतात. मित्र आपणहून येतात. त्यांना यायचे नसेल तर ते फोन उचलत नाहीत. घरच्या माणसांना मात्र कोणी विचारलेले नसते. पहाटे उठून डबा करणारी पत्नी, दुकान एकट्याने सांभाळणारा भाऊ, रविवारी बाबा घरी नसणारी मुले, यांच्या वेळेतून ही तयारी होते. आठवड्यातला सर्वांत लांब सराव बहुधा रविवारी सकाळी असतो. मग मिस्सेला कुटुंब येते आणि बाकावर एक जागा रिकामी राहते. बक्षिसाच्या फोटोत मित्र असतात. ज्यांनी न विचारता दिले, ते फोटोत नसतात.

याचा अर्थ असे ध्येय धरणे स्वार्थी आहे, असा नाही. शरीर जपणे आणि त्याला शिस्त लावणे चांगलेच. पन्नाशीत पोहायला शिकणारा माणूस आपल्या मुलांनाही काहीतरी शिकवत असतो. पण मदत घेणे आणि माणसे वापरणे यांत फरक आहे. जो मदत घेतो तो आधी विचारतो, ‘नको’ हे उत्तरही ऐकून घेतो, आणि दुसऱ्याची पाळी आली की स्वतः उठतो. म्हणून स्पर्धेचा अर्ज भरण्यापूर्वी घरच्यांसोबत एक संध्याकाळ बसावे. कोणते रविवार आपले, कोणते त्यांचे, हे तेव्हाच ठरवावे.

मदत करणाऱ्यांवरही जबाबदारी असते. १९७८ साली हवाई बेटांवर पहिली आयर्नमॅन स्पर्धा झाली, तेव्हा १५ जण उतरले आणि १२ जणांनी ती पूर्ण केली. त्या वेळी प्रत्येक स्पर्धकाने आपले मदतनीस स्वतःच आणायचे होते. जॉन डनबर हा तरुण बराच वेळ पुढे होता. धावताना त्याच्या मित्रांजवळचे पाणी संपले, म्हणून त्यांनी त्याला बिअर दिली! शेवटी गॉर्डन हॅलर पहिला आला आणि डनबर दुसरा. मित्रांच्या प्रेमात काही कमी नव्हते. कमी पडले ते पाणी. नुसत्या उत्साहाने सोबत होत नाही, समोरच्याची गरज आधी ओळखून तयारी करावी लागते. कधी कधी तर सोबत म्हणजे अडवणे. अंगात ताप असताना किंवा गुडघा सुजलेला असताना ‘आज नको’ म्हणणारा मित्र टाळ्या वाजवणाऱ्या दहा जणांपेक्षा मोलाचा.

आता आपल्या धर्मग्रामाकडे वळू या. आपल्यातही लांब पल्ल्याच्या शर्यती चालू आहेत, फक्त त्यांना पदक नाही. कोणी आठवड्यातून दोनदा-तीनदा डायलिसिसला जाते. कोणी अंथरुणाला खिळलेल्या आईचे वर्षानुवर्षे करते आहे. कोणी दारू सोडून तीन महिने झाले आहेत आणि प्रत्येक संध्याकाळ त्याला डोंगरासारखी वाटते. या शर्यतींनाही तोच नियम लागू आहे. दुखणे ज्याचे त्यालाच सोसावे लागते, दारूला ‘नाही’ ज्याचे त्यालाच म्हणावे लागते. तिथे आपण त्यांच्या जागी धावू शकत नाही.

पण तयारीत आपण नक्की असू शकतो. दवाखान्यात चार तास शेजारी बसता येते. आईपाशी एक दुपार थांबून त्या मुलीला बाहेर मोकळे सोडता येते. संध्याकाळी सात वाजता त्या माणसाला फिरायला घेऊन जाता येते. सायकल चालवणाऱ्या मित्रासाठी आपल्यातले कितीजण पहाटे साडेचारला उठतात, ही कौतुकाची गोष्ट आहे. तेवढीच सोबत आपल्या शेजारच्या घरातल्या शर्यतीलाही मिळायला हवी. या आठवड्यात असे एक घर आपण शोधू या, आणि जाण्यापूर्वी त्यांना एवढेच विचारू या : आम्ही कधी येऊ?