नौकेची नोंदवही

एखाद्या लहान शिडाच्या नौकेवर मार्गदर्शक उपकरणे बसविणे हे कारागिराचे काम. त्यात नीतिविचाराला वाव तो कोठला, असे कोणी विचारील. आमच्या मते तो वाव पहिल्या छिद्रापासूनच आहे. पाण्याची खोली सांगणारे यंत्र बसवावयाचे तर पुष्कळदा नौकेच्या धडधाकट तळाला भोक पाडावे लागते. मग त्या यंत्राला सांगावे लागते की, शून्य कोठे धरावयाचे: पाण्याच्या पृष्ठभागावर, की तळाच्या कण्याच्या खालच्या टोकाशी? कणा दीड मीटर खोल असेल, तर 'दोन मीटर' या एकाच आकड्याचा अर्थ एका हिशेबाने खाली दोन मीटर मोकळे पाणी असा होतो, आणि दुसऱ्याने अवघे अर्धा मीटर. यंत्र दोन्ही वेळां सारख्याच खात्रीने बोलते.

होकायंत्राची गोष्ट याहून मनोरंजक. ते इंजिनाच्या लोखंडापासून आणि ध्वनिवर्धकातील चुंबकापासून दूर बसवितात. जवळून जाणाऱ्या विजेच्या दोन तारा एकमेकींत पिळून घेतात. इतके करूनही सूची थोडी ढळतेच; आणि मौज अशी की, नौकेचे तोंड वळेल तसा हा दोषही बदलतो. म्हणून शांत पाण्यात नौका सर्व दिशांना फिरवून, कोणत्या दिशेला किती अंश चूक पडते याचे कोष्टक करावयाचे व ते हाताशी ठेवावयाचे. आपले साधन कोठे व किती खोटे बोलते, याची ही लेखी कबुलीच होय. कचेरीतल्या प्रत्येक मेजावर त्यामागे बसणाऱ्याचे असे एक कोष्टक असते, तर कित्येक फायली किती लवकर निकालात निघाल्या असत्या!

परंतु उपकरणांचा दोष मोजता येतो. नोंदवही लिहिणाऱ्याचे काय? भोवती शेकडो मैल पाणी असता, आपण कोठे आहो हे खरे लिहिण्याचे ऋण माणूस कोणाचे लागतो?

१९६८ साली इंग्लंडमध्ये एकट्याने, कोठेही न थांबता, शिडाच्या नौकेतून पृथ्वीप्रदक्षिणा करण्याची शर्यत लागली. नऊजण निघाले. त्यांतील डोनाल्ड क्रोहर्स्ट हा स्वतः दिशाशोधक उपकरणे तयार करून विकणारा मनुष्य. आपल्या नौकेसाठी त्याने अनेक विद्युत्-योजना आखल्या होत्या. पण तो निघाला तेव्हा त्या अपुऱ्याच होत्या. तारा ओढलेल्या होत्या, त्या जेथे पोहोचावयाच्या ते यंत्र मात्र नव्हते. नौका दक्षिण महासागरात टिकणार नाही हे त्याला कळून चुकले. परत फिरावे तर कर्जाचा डोंगर व नाचक्की. तेव्हा तो अटलांटिकमध्येच घोटाळत राहिला आणि बिनतारी संदेशांतून काल्पनिक प्रगती कळवू लागला.

येथे सामान्यतः असे म्हणतात की, असत्य शेवटी स्वतःलाच फसविते. आम्हांस हे पटत नाही. क्रोहर्स्टची दिशाभूल झाली नव्हती. खोटे स्थान रचावयाचे तर सूर्याच्या उंचीचे गणित उलट बाजूने मांडावे लागते, आणि त्याला खऱ्याहून अधिक कौशल्य लागते. शिवाय आपण खरोखर कोठे आहो हेही त्याने निराळे नोंदून ठेवले होते. सत्याचे ज्ञान त्याला पुरेपूर होते. अडचण दुसरीच होती. नकाशावरच्या त्या दोन रेषा कोठेतरी जुळविल्यावाचून त्याला घरी येता येत नव्हते. सर्वांमागून पोहोचावे, म्हणजे वह्या कोणी बारकाईने तपासणार नाही, असा त्याचा बेत होता. पण पुढची नौका मे १९६९ मध्ये बुडाली आणि सर्वांत जलद प्रवासाचे पारितोषिक त्याच्याच गळ्यात पडण्याची चिन्हे दिसू लागली. १० जुलै १९६९ रोजी त्याची नौका सापडली. वह्या जागच्या जागी होत्या. नौकेवर कोणी नव्हते.

शर्यत पुरी करणारा एकटाच निघाला: रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन. त्याची ३२ फुटी 'सुहैली' आपल्या मुंबईत, सागवानाची बांधलेली. तिचा ट्रान्समीटर वाटेतच बंद पडला. कित्येक महिने तो कोठे आहे हे जगाला ठाऊक नव्हते, त्याला होते. जलद प्रवासाचे ५,००० पौंड त्याने क्रोहर्स्टच्या कुटुंबाला दिले.

मुख्यालयापासून दूर बसून प्रगतीचे अहवाल धाडणाऱ्या आमच्या वाचकांना या दोघांतील भेद उलगडून सांगावयास नको. तिमाहीचा पहिला फुगविलेला आकडा किती निरुपद्रवी दिसतो, आणि पुढच्या तिमाहीत त्याच्याच पुढे जावे लागते, हे आपणांपैकी अनेकांनी जवळून पाहिले आहे.

मात्र पुढे या गोष्टीला एक विलक्षण कलाटणी मिळाली. २०१८ साली त्याच शर्यतीच्या स्मरणार्थ दुसरी झाली. उपकरणे १९६८ च्याच धर्तीची. उपग्रहावरून स्थान सांगणारे यंत्र मोहोरबंद पेटीत. मोहोर फोडली की मुख्य स्पर्धेतून बाहेर. आयोजक मात्र प्रत्येक नौकेचा माग ठेवीत होते. म्हणजे आता किनाऱ्यावरच्यांना नक्की ठाऊक, आणि नाविकाने सेक्स्टंट घेऊन सूर्याची वाट पाहावयाची! भारतीय नौदलाचे अभिलाष टॉमी गोव्यात बांधलेल्या, 'सुहैली'च्या प्रतिकृतीतून निघाले होते. सप्टेंबरात दक्षिण हिंदी महासागरातील वादळात डोलकाठ्या मोडल्या, पाठीला जबर दुखापत झाली, हालचालही करवेना. त्यांचे स्थान इतरांस ठाऊक होते, म्हणून तीन दिवसांत एक फ्रेंच जहाज त्यांच्यापर्यंत पोहोचू शकले.