कच्चे मडके

बी.एड.च्या आंतरवासितेसाठी सध्या मी चिखलीतील एका शाळेत पाठ घेतो. परवा सातवीच्या वर्गात बाष्पीभवन शिकवायचे होते. टाचण चोख होते, तक्ता रंगवलेला होता. मागच्या बाकावर मार्गदर्शक गुरुजी निरीक्षणवही घेऊन बसले होते. माठातून झिरपलेल्या पाण्याची वाफ होताना आतली उष्णता जाते, म्हणून पाणी गार होते, हे मी समजावले. तेवढ्यात एक मुलगा उठला. "सर, मंग पावसाळ्यात माठाचं पानी तेवढं थंड काहून नाही होत?"

मला उत्तर येत नव्हते. "विषय सोडून बोलू नको, खाली बस," असे म्हणून मी पुढे गेलो. त्यानंतर तास संपेपर्यंत एकाही लेकराने हात वर केला नाही.

गुरुजींनी वहीत काही लिहिले नाही. बाहेर आल्यावर एवढेच म्हणाले, "उत्तर न येणं हा दोष नाही. पण तुम्ही त्याच्या प्रश्नाला चूक ठरवलं."

रात्रभर एकच विचार छळत होता. अज्ञान कबूल करणाऱ्या शिक्षकाला मान राहील का? मग गोरोबाकाकांची कथा आठवली. संतमेळ्यात त्यांनी थापटण्याने एकेकाचे डोके तपासले आणि नामदेवरायांना कच्चे ठरवले. देवाचा लाडका भक्त तो! त्यांना राग आला. पण शेवटी ते विसोबा खेचरांच्या पायांशी गेले. त्या जाण्याने त्यांची थोरवी उणावली नाही. कच्चे मडके आव्यात घालता येते. पक्के असल्याचे भासवून त्यात पाणी भरले, तर मडकेही जाते आणि पाणीही.

सोनोपंत दांडेकर पुण्याच्या स. प. महाविद्यालयाचे प्राचार्य होते, तत्त्वज्ञान शिकवत होते. तरी जोग महाराजांचे शिष्य म्हणूनच वावरले. शिकवणाऱ्याचे शिष्यपण संपत नाही, हे त्यांच्याकडे पाहून कळते.

दुसऱ्या दिवशी वर्गात सांगितले, "काल मला उत्तर येत नव्हते, आणि मी उगाच रागावलो. पावसाळ्यात हवेतच ओल असते, म्हणून वाफ सावकाश होते." तो मुलगा लगेच म्हणाला, "म्हंजे कपडे वाळत नाहीत तसं!" टाचणात नसलेला दाखला त्याने दिला.

पुढे टीईटी आहे, अभियोग्यता चाचणी आहे, पवित्र पोर्टलवरची वाट पाहणे आहे. कायम नोकरी मलाही हवी. संसारी माणसाने त्याची लाज का धरावी? पण त्या परीक्षांत मला काय येते तेच तपासले जाईल. न येणारे कबूल करतो का, हे फक्त वर्गातली लेकरे तपासतील. गुरुजींचे ऋण त्यांना परत देता येणार नाही. ते त्या लेकरांनाच द्यायचे आहे. हात वर करणारे एकही लेकरू माझ्यामुळे पुन्हा खाली बसू नये, एवढेच पांडुरंगाकडे मागणे.