गंज आणि रंग

दिवाळी जवळ आली की आपल्या घरांतून एक प्रश्न दरवर्षी फारसा न बोलताच सोडवला जातो. काय घासायचे, काय रंगवायचे आणि काय मोडीत घालायचे? समई चिंचेने लखलखते, दाराला रंगाचा हात बसतो, फुटकी बादली भंगारवाल्याकडे जाते. ह्यात कुणाला नीतीचा प्रश्न दिसत नाही, आणि दिसत नाही तेच बरे. नाहीतर फराळ राहूनच जायचा! पण हाच प्रश्न जुन्या मोटारीच्या इंजिनावरील एखाद्या गंजलेल्या पुलीपाशी येऊन उभा राहिला, की इतक्या सहजी सुटत नाही.

मोटार म्हणजे, समजा, कुर्ल्याची फियाट. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमिअर ऑटोमोबाइल्सच्या कारखान्यातली ही गाडी. पुढे तिचे 'पद्मिनी' असे बारसे झाले. मुंबईच्या टॅक्सींच्या रांगेतून ती ऑक्टोबर २०२३ मध्ये कायमची निवृत्त झाली. तरी हौसेने सांभाळलेली एखादी फियाट कुणाच्या अंगणात अजून आढळते. तिचे बॉनेट उघडले की इंजिनाच्या तोंडाशी तीन पुल्या दिसतात. खालची क्रँकशाफ्टवर, वरची पाण्याच्या पंपावर आणि बाजूची डायनामोवर. तिघींना मिळून एकच रबरी पट्टा. विहिरीवरच्या कप्पीच्याच ह्या नात्यातल्या. फरक इतकाच, की कप्पीच्या खाचेत दोर नुसता टेकतो, आणि येथे पट्टा खाचेच्या दोन्ही तिरप्या भिंतींत पाचरीसारखा घट्ट बसतो. सारी पकड त्या भिंतींची. पट्टा खाचेच्या तळाला टेकू लागला, तर तो घसरू लागला म्हणून समजावे.

गाडी दोन पावसाळे नुसती उभी राहिली की ह्या पुल्यांवर तांबूस पापुद्रे धरतात. गंज हे लोखंडाचे पाणी आणि प्राणवायू यांच्याशी झालेले लग्न, पण मोठे विध्वंसक. ॲल्युमिनियमवरही असाच थर धरतो. तो मात्र अंगाला चिकटून राहतो आणि आतल्या धातूची राखण करतो. लोखंडाचा गंज फुगतो, सुटतो आणि पापुद्र्याखाली नवी ओल धरतो. म्हणून गंजावरच रंगाचा हात मारणे हा निव्वळ फसवा उद्योग होय. वरून पुली काळीभोर दिसते आणि आत पोखरणे चालूच राहते. कल्हईवाल्याला हे ठाऊक असते. नवसागराने भांडे आधी निर्मळ केल्याशिवाय तो कथील लावीत नाही. कारण लावले तरी ते धरत नाही.

तेव्हा काम मुळापासूनच करावे लागते. बॅटरीची तार सोडून पट्टा ढिला करायचा, पुल्या उतरवायच्या, रॉकेलने तेलकट मळ काढायचा. मग तारेचा ब्रश आणि पॉलिश पेपर. खोल गेलेल्या गंजाला व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवता येते, पण नजर हवी. वेळ फार झाला तर आम्ल गंज संपवून लोखंडालाही हात घालते. नंतर सोड्याच्या पाण्याने धुऊन ताबडतोब कोरडे करायचे, कारण उघडे पडलेले लोखंड काही तासांतच पुन्हा तांबूस होऊ लागते. त्यावर रेड ऑक्साइडचा हात, मग काळा रंग.

रंगवताना दोन ठिकाणे मात्र सोडायची. एक म्हणजे खाचेच्या भिंती. तेथे चिकटपट्टी लावून घ्यावी. रंग लागला तर पट्टा तो खरवडून काढतो, घसरतो आणि किंचाळतो. त्या भिंती झळझळीत राहतात त्या पट्ट्याच्या रोजच्या घासण्याने. दुसरे ठिकाण म्हणजे कडेवरची बारीक खूण. कित्येक इंजिनांत क्रँकच्या पुलीवर ती असते, आणि ठिणगी केव्हा पडावी हे तिच्यावरूनच जुळवतात. फार हौसेने घासणारा माणूस ही खूणही घासून टाकतो! पुली मग आरशासारखी दिसते. तिला जे सांगायचे होते तेवढे नाहीसे होते.

जॉन रस्किनने १८४९ साली 'द सेव्हन लॅम्प्स ऑफ आर्किटेक्चर' ह्या ग्रंथात जुन्या वास्तूंना नवे करण्याच्या खटाटोपावर कडाडून टीका केली. असे करणे म्हणजे त्या वास्तूचा नाशच, असे त्याचे मत होते. आपल्याकडे उलट जीर्णोद्धार हे पुण्यकर्म. मला वाटते, पुलीच्या बाबतीत दोन्ही पक्षांना थोडे थोडे ऐकावे लागते. भग्न मंदिर नुसते उभे राहिले तरी त्याचे काम होते, पुलीला फिरावे लागते. गंज काढलाच पाहिजे. पण गंजाने पाडलेले बारीक खड्डे बाहेरच्या अंगावर राहिले तर राहू द्यावेत. लुकण भरून ते गुळगुळीत करण्याची धडपड मला पटत नाही. त्या पुलीचे वय लपवून कुणाचे भले होणार आहे?

खाचेच्या भिंतीतच खड्डे पडले असतील, तर मात्र माया कामाची नाही. ती खरखरीत भिंत कानशीसारखी पट्टा खात राहते. आणि पट्टा तुटतो तो खंडाळ्याच्या घाटात, मागच्या आसनावर मुले झोपलेली असताना. पंप थांबतो, इंजिन उकळू लागते. वडिलांच्या हातची गाडी, तिचा मूळचा प्रत्येक भाग टिकवायचा, हा हट्ट मी समजू शकतो. पण अशी पुली कपाटात ठेवावी, इंजिनावर नव्हे.

राहता राहिला विकणाऱ्याचा रंग. डबा तोच, ब्रशही तोच. पण मालक रंगवतो तो गाडी टिकावी म्हणून, आणि काही विक्रेते रंगवतात ते गिऱ्हाइकाने पुढचे विचारू नये म्हणून. दोन्ही पुल्या शेजारी ठेवल्या तर डोळ्यांना फरक कळणार नाही. जुनी गाडी घेणाऱ्याला मी तरी एवढेच सांगतो, की पट्टा उतरवायला लावा आणि खाचेच्या आतून बोट फिरवून पाहा. इंजिन बंद असताना, हे वेगळे सांगायला नकोच!